एकतिसाव्या वर्षी आयटी सोडून दंतवैद्यक: प्रवेश, पैसा आणि हात

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नऊ वर्षं नोकरी, चार वर्षांची मुलगी, नवऱ्याचा पाठिंबा. बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतल्यामुळे बायोलॉजी सुटलेलं. आता बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, करून स्वतःचा दवाखाना टाकायचा आहे. वयाची अट आड येते का, नीट ही प्रवेश परीक्षा कशी द्यायची, आणि हे शहाणपणाचं आहे का? शेवटी एक ओळ अशीही आहे की नवऱ्याला दोन-तीन वर्षांत अमेरिकेला पाठवण्याची शक्यता आहे. ही ओळ तुम्ही सहज लिहिली असेल, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे नंतर येते.

मी साताऱ्यात चोवीस वर्षं दवाखाना चालवते. त्यातली नऊ वर्षं आठवड्यातले तीन दिवस एका खासगी दंत महाविद्यालयात शिकवायलाही जात होते. उशिरा आलेले विद्यार्थी मी जवळून पाहिले आहेत. निभावलेलेही आणि मधेच सोडून गेलेलेही.

वय आड येत नाही. मध्यंतरी नीटला खुल्या गटासाठी २५ आणि राखीव गटासाठी ३० अशी कमाल मर्यादा आणली होती, त्यावर कोर्टकज्जे झाले, आणि २०२२ मध्ये ती काढून टाकल्याचं जाहीर झालं. आता फक्त किमान वय बघतात, १७ पूर्ण. तो विषय संपला.

अडचण आहे ती बायफोकलची. अकरावीतच इंजिनिअरिंग ठरवून टाकलेली मुलं बायोलॉजी आणि दुसरी भाषा सोडून दोनशे मार्कांचं कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतात. तेव्हा कोणी सांगत नाही की एक अख्खी वाट बंद करतोयस. पूर्वी ती खरोखरच बंद व्हायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढली, आणि बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डातून जादा विषय म्हणून बायोलॉजी उत्तीर्ण झालेल्यांना नीटची वाट मोकळी झाली. बहुतेक जण हे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून करतात. तिथे बायोलॉजीचा विषय क्रमांक ३१४ आहे, मुख्य परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. प्रॅक्टिकल असतं आणि ते करावंच लागतं. 'प्रॅक्टिकलचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त फी भरा' असं एखादा क्लासवाला म्हणाला तर चप्पल घालून बाहेर पडा.

मात्र नीटला बसता येणं वेगळं आणि महाराष्ट्राच्या कोट्यातून सीट घेता येणं वेगळं. आपल्या सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. राज्याच्या जागांसाठी डोमिसाइल लागतं आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. म्हणून एनआयओएसचं केंद्र महाराष्ट्रातलंच घ्या, बहीण इंदूरला आहे म्हणून तिथलं नको. पैसे भरण्याआधी दोन कागद स्वतः वाचा: त्या वर्षीच्या नीट माहितीपुस्तिकेतलं बीडीएसच्या पात्रतेचं पान, आणि राज्य सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका. तरी शंका राहिली तर ईमेल करून लेखी उत्तर मिळवा. फोनवर कोणीतरी 'चालतंय की' म्हणालं होतं, हे कागदपत्र तपासणीच्या टेबलावर चालत नाही. बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीवला ४० लागतात, आणि इंग्रजी उत्तीर्ण असावं लागतं. तुमचं इंग्रजी आहेच.

नीटबद्दल थोडक्यात. १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले निम्मे प्रश्न बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला ४, चुकलं की १ वजा. तुम्हाला बायोलॉजीची धास्ती वाटते आहे, पण इंजिनिअर झालेल्यांचं मी वेगळंच बघितलंय. फिजिक्स महिनाभरात परत येतं. बायोलॉजी एनसीईआरटीच्या ओळी पाठ करण्याचा विषय आहे, आणि तिशीतला माणूस ठरवलं तर पाठांतर शिस्तीत करतो. मार खाल्ला जातो तो इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीत, कारण 'हे मला येत होतं' असं वाटत राहतं आणि येत काहीच नसतं. अभ्यासक्रम २०२४ च्या परीक्षेपासून कमी झाला आहे, त्यामुळे भाच्याची जुनी गाइडं आणू नका. नोकरी सांभाळून एका वर्षात पात्रतेपुरते गुण येतात. सरकारी कॉलेजला लागणारे गुण नोकरी सांभाळून आलेले मी फारसे पाहिलेले नाहीत.

आता जे सहसा कोणी उघड बोलत नाही ते सांगते. बीडीएसची सीट मिळणं फारसं अवघड नाही. सरकारीतली अवघड आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबई महापालिकेचं नायर, इथे जागा मोजक्या आणि फी परवडणारी, त्यामुळे चढाओढ भरपूर. पण खासगी कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात, वर्षानुवर्षं. २०२०-२१ मध्ये देशभरात सुमारे ७,००० बीडीएस जागा भरल्या नव्हत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये पात्रतेची रेषा १० पर्सेंटाइलने खाली आणायचा आदेश झाला. पर्सेंटाइल म्हणजे मिळालेले टक्के नव्हेत, तर किती टक्के विद्यार्थी आपल्या मागे आहेत तो आकडा, हे तुम्हाला सांगायला नको.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की प्रवेश मिळाला म्हणून तुमची पारख झाली, असं होत नाही. एमबीबीएसला निदान ती चाळणी तरी असते. इथे पैसे भरायची तयारी असेल तर दार उघडं आहे, आणि आपल्याला हे जमणार नव्हतं हे तिसऱ्या वर्षी कळतं. तोवर तीन वर्षांची फी गेलेली असते.

माझ्याकडे फार्मसी झालेली एक मुलगी होती, सत्तावीस वर्षांची. अभ्यासात वर्गात पहिल्या पाचात. तिसऱ्या वर्षी पेशंटवर काम सुरू झालं आणि दाढ काढताना पेशंट कण्हला की तिचे हात गार पडायचे. भूल बरोबर बसलेली असायची, पेशंट नुसत्या दाबाने आवाज करत असायचा, पण हिला पुढे जाताच यायचं नाही. सहा महिने तिने स्वतःशी झगडून बघितलं आणि सोडून गेली. ती कच्ची होती असं मी म्हणणार नाही. तिने दाढ काढताना आधी कधी पाहिलीच नव्हती, एवढंच.

म्हणून एनआयओएसचा अर्ज भरायच्याही आधी एक काम करा. पुण्यात ओळखीचा एखादा दवाखाना शोधा, शक्यतो गजबजलेल्या पेठेतला किंवा उपनगरातला, काचेच्या दारांचा नको. दहा शनिवार तिथे उभं राहायची परवानगी मागा. नुसतं उभं राहायचं, असिस्टंटच्या मागे, मास्क लावून. अमेरिकेत दंत महाविद्यालयाचा अर्ज करताना अशा तासांची नोंद बहुतेक ठिकाणी अपेक्षित असते, आपल्याकडे नीट असलं काही विचारत नाही. मग आपणच आपल्याला विचारायचं. बघा की एअरोटरचा, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचा, आवाज चौथ्या तासाला डोक्यात जातो का. सुजलेल्या हिरडीचा, पू झालेल्या दाढेचा वास सहन होतो का. तंबाखू खाऊन तोंड दोन बोटंही न उघडणारा माणूस समोर बसला की तुमच्या मनात काय येतं. डॉक्टर दिवसभरात किती वेळा मान वाकडी करून बसतात तेही मोजा. दहा शनिवारांनंतरही अकराव्या शनिवारी जावंसं वाटलं तर पुढचं बोलू.

आणि एक मेणाची वडी आणा. कितीही हुशार विद्यार्थी असू दे, पहिल्या वर्षी त्याला रडवतं ते मेण. डेंटल अ‍ॅनाटॉमीत प्रत्येक दात मेणात कोरून दाखवायचा असतो, मापात, खाचाखळग्यांसकट. एकेकाळी अमेरिकेतल्या प्रवेश परीक्षेतच खडू कोरून दाखवावा लागे, ती पद्धत मला आजही योग्य वाटते. मेण नसेल तर कपड्याच्या साबणाची वडी चालेल. वरच्या जबड्यातल्या समोरच्या दाताचं चित्र पुढे ठेवा आणि दुप्पट आकारात कोरा. पहिला दात दातासारखा दिसणार नाही, कोणाचाच दिसत नाही. पण पाचवा पहिल्यापेक्षा बरा आहे का, आणि पाचवा कोरताना तुम्हाला घड्याळाचं भान होतं का, हे बघा. नऊ वर्षं कीबोर्डवर काम केलेल्या माणसाला हे हातानेच कळेल.

पहिल्या वर्षाचा आणखी एक भाग आहे, तो अपमानाचा. माझ्या हाताखाली एक २९ वर्षांचा विद्यार्थी होता, आधी सहकारी बँकेत क्लार्क. त्याच्या मेणाच्या दाढा आमच्या एका पोरसवदा डेमॉन्स्ट्रेटरने पाच वेळा सगळ्यांसमोर मोडून टाकल्या, 'परत कर' म्हणून. बँकेत ज्याच्या सहीवर चेक पास व्हायचे त्याला हे सोसत नव्हतं. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाला, मॅडम, मी याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. मी म्हटलं, दाढेला ते माहीत नाही. तो टिकला. तिसऱ्या वर्षानंतर तर चित्रच पालटलं. आपल्याकडे क्लिनिकमध्ये कोटा असतो, म्हणजे इतक्या दाढा काढल्या, इतकी सिमेंटं भरली, इतक्या कवळ्या केल्या, असा आकडा पूर्ण करावा लागतो. वीस वर्षांची पोरं पेशंटला 'या' म्हणायलासुद्धा बिचकतात आणि कोट्यासाठी वॉर्डबॉयच्या मागे फिरतात. याचे पेशंट याला नावाने शोधत यायचे. माणसाशी बोलायचं कसं हे तो बँकेच्या काउंटरवर शिकून आला होता. आज तालुक्याच्या गावी त्याचा दवाखाना नीट चालतो. टेस्टिंगमध्ये 'हे चुकलंय' असं दुसऱ्याला न दुखावता सांगायची तुमची जी सवय आहे, ती इथे फार उपयोगी पडेल.

अभ्यासक्रम चार वर्षं आणि वर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन पहिल्या वर्षी. पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, डेंटल मटेरिअल्स दुसऱ्या. जनरल मेडिसिन आणि जनरल सर्जरी तिसऱ्या. आणि चौथ्या वर्षी एकदम आठ विषय. उपस्थिती ७५ टक्के, थिअरीत वेगळी आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगळी. मुलीला ताप आला, सासूबाई गावी गेल्यात, ही कारणं रजिस्टरला कळत नाहीत. म्हणून कॉलेज निवडताना नाव, रँकिंग यापेक्षा घरापासूनचं अंतर आणि ओपीडीतली गर्दी बघा. सकाळी अकराला कोणालाही न सांगता ओपीडीत जाऊन बाकांवर किती माणसं बसलीत ते मोजा. पेशंट नाहीत त्या कॉलेजात हात बसत नाही, इमारत कितीही चकचकीत असो.

पैशाचं. खासगी कॉलेजांची फी महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजवार आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात. एजंटाला विचारू नका. त्यावर हत्यारं, पुस्तकं, परीक्षा शुल्क धरा. पण सगळ्यात मोठी फी म्हणजे तुमचा बुडालेला पगार. तो पाच वर्षांचा मांडा, वाढीसकट. कागदावर तो आकडा बघून पोटात गोळा येईल, येऊ दे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. त्याला ८ लाखांच्या वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची अट आहे. तुमच्या घरचा आयटीचा पगार बघता ती सवलत धरून हिशेब मांडू नका.

दुसऱ्या बाजूला काय येतं तेही ऐका. नुकती बीडीएस झालेली मुलगी शहरातल्या दवाखान्यात असोसिएट म्हणून लागते तेव्हा तिला जे मिळतं, ते तुम्ही आज कंपनीत ज्यांना शिकाऊ म्हणून घेता त्यांच्याहून फार वेगळं नसतं. बऱ्याचदा कमीच. स्वतःचा दवाखाना म्हटलं की चेअर, कॉम्प्रेसर, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, एक्स-रे. मग राज्य दंत परिषदेची नोंदणी, एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंद, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ. ही सगळी कामं होतात, पण पहिली दोन-तीन वर्षं दवाखाना जागेचं भाडं सोडवेल एवढंच धरायचं. पुण्यात तर गल्लीत तीन पाट्या असतात. तुमचं माहेर वाई तालुक्यातलं आहे असं लिहिलंय. तिथे वेगळा हिशेब बसेल, भाडं कमी आणि लोक घराणं ओळखून येतात.

वर्षं मांडते. आता ३१. बायोलॉजी आणि नीट धरून एक-दीड वर्ष, कदाचित दोन. प्रवेश ३३ व्या वर्षी. पदवी हातात ३८ ला. दवाखाना रुळेपर्यंत ४०. एमडीएस, म्हणजे पुढची पदव्युत्तर पदवी, करायचं मनात असेल तर आणखी तीन, आणि त्याची नीट वेगळी. चाळिशीच्या आसपास जवळचं दिसेनासं व्हायला लागतं, आणि आपलं काम तर अर्ध्या मिलिमीटरचं. लूप्स, म्हणजे भिंगांचा चष्मा, लावून ते भागतं, मीही लावते. मान आणि कंबर मात्र बदलून मिळत नाही. तुम्हाला आधीच स्लिप डिस्क किंवा मनगटाचं दुखणं असेल, आयटीतल्या बऱ्याच जणांना असतं, तर हाडांच्या डॉक्टरांशी आत्ताच बोला, पदवीनंतर नको.

आता त्या अमेरिकेच्या ओळीकडे. नवऱ्याचं खरंच ठरत असेल तर बीडीएस सुरू करू नका, निदान निर्णय होईपर्यंत थांबा. भारतातली बीडीएस तिथे थेट चालत नाही. तिथली राष्ट्रीय परीक्षा द्यायची आणि साधारणपणे तिथल्या दंत महाविद्यालयात परदेशी दंतवैद्यांसाठीचा दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुन्हा करायचा, त्याची फी डॉलरात. ज्यांची बीडीएस आधीच झालेली असते त्यांना दुसरा इलाज नसतो, म्हणून ते करतात. तुमची पाटी कोरी आहे. तिथे दंतवैद्यक हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम आहे. चार वर्षांचा, डीडीएस किंवा डीएमडी, दोन्ही एकच. प्रवेशासाठी पदवी, त्यात किंवा नंतर वेगळे केलेले बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑर्गॅनिक, फिजिक्सचे ठरावीक विषय, आणि डॅट नावाची परीक्षा. आधी काहीतरी वेगळं करून आलेला विद्यार्थी तिथे वर्गात नवलाचा नसतो. तुमचं इंजिनिअरिंग तिथे वाया जात नाही आणि बारावीचं बायफोकल कोणी विचारत नाही. मात्र व्हिसा काय असेल, शिक्षणकर्ज मिळेल का, हे आधी पक्कं करावं लागेल. म्हणजे इथे दोन वर्षं शिकून मधेच उठून जाणं ही तुमच्यासाठी सगळ्यात वाईट वाट आहे, आणि घरातल्यांच्या नकळत तीच घडायची शक्यता जास्त आहे.

इथेच राहायचं ठरलं तर कागदपत्रांना आजच लागा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या, आधार सासरच्या. नीटचा फॉर्म कोणत्या नावाने भरायचा ते एकदा ठरवा आणि विवाह नोंदणी दाखला, गरज पडली तर राजपत्रातली नोंद तयार ठेवा. इंजिनिअरिंग कॉलेजचा लिव्हिंग सर्टिफिकेट बहुतेकांनी कधी आणलेलाच नसतो, तो जाऊन आणा. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. राखीव गटातून अर्ज असेल तर जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर आधी बघा. तिथे महिने जातात आणि फेरी कोणासाठी थांबत नाही.

आणि नोकरी. नीटचा निकाल लागेपर्यंत राजीनाम्याचा विषय काढू नका. पण हेही लक्षात ठेवा की कॅप फेरीत, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, सीट लागली की मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायला मोजके दिवस मिळतात, आणि तुमच्या कंपनीचा नोटीस पिरियड बहुधा नव्वद दिवसांचा असेल. पैसे भरून तो कमी करता येतो का, हे एचआरला सहज विचारल्यासारखं आधी विचारून ठेवा. शिवाय शेवटच्या तारखेनंतर सीट सोडली तर कॉलेज किती रक्कम कापतं, पुढच्या वर्षांची फी मागतं का, ते माहितीपुस्तिकेत वाचल्याशिवाय ऑप्शन फॉर्ममध्ये ते कॉलेज टाकू नका. 'बघू, लागलं तर लागलं' म्हणून खाली टाकलेलं कॉलेजच नेमकं लागतं, हे मी प्रवेशाच्या टेबलावर बसून इतक्या वेळा पाहिलंय की आता हसूही येत नाही.